गेंद कुठला म्हणायचा?

सप्टेंबरात कासच्या पठारावर दोन प्रकारची माणसं दिसतात: उभी आणि पालथी. उभी बहुसंख्य. ती साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटर घाट चढून येतात, ‘अगं बाई, किती गोड!’ म्हणतात, एकमेकांचे फोटो काढतात आणि भाजलेल्या कणसाच्या शोधात निघतात. पालथी माणसं पायवाटेच्या कडेला ओल्या जांभ्यावर कोपरं टेकून, डोळ्याला भिंग लावून पडलेली असतात. येणारेजाणारे त्यांना ओलांडताना हळूच विचारतात, ‘काका, बरं वाटत नाहीये का?’

मी या पालथ्या पंथात संगतीनं ओढला गेलो. आमचे म्होरके म्हणजे वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक. आम्ही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणतो. फुलाला ‘सुंदर’ म्हटलेलं सरांना खपत नाही. ‘ते झालं हो, पण कुठलं?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

एरवी या प्रश्नाला उत्तर असतं. कवल्याची पिवळी फुलं लांबून सारखीच दिसतात, पण पानाला पर्णिकांच्या दोनच जोड्या असतील तर बायजेमिना म्हणून मोकळं होता येतं. नाहीतर फुलाखालच्या हिरव्या संदलावरच्या शिरा बघायच्या: समांतर आहेत की जाळीदार? निळ्या सीतेच्या आसवांमध्येही एकीची दांडी शेजारच्या गवताला वेढे घालत चढते, ती रेटिक्युलाटा. एवढी सोय निसर्गानं केलेली आहे.

गेंदाच्या बाबतीत मात्र त्यानं हात आखडता घेतलाय. गेंद म्हणजे एरिओकॉलॉन. काडीसारख्या दांडीवर पांढरा, जेमतेम वाटाण्याएवढा गोळा. पठारावर पसरलेले हे गोळे बघून आमच्याबरोबरच्या एक वहिनी म्हणाल्या, ‘कुणी साबुदाणा सांडलाय का हो?’ या साबुदाण्यात भारतभरातल्या मिळून शंभराच्या आसपास जाती आहेत आणि बाहेरून बऱ्याचशा सारख्याच.

सरांनी एक गोळा भिंगाखाली दाखवला, तेव्हा कळलं की ते एक फूल नव्हेच. ती दाटीवाटीनं बसलेल्या फुलांची चाळ आहे. नरफुलं वेगळी, मादीफुलं वेगळी. प्रत्येकाला आपापली संदलं, पाकळ्या, वर पांढरी लव. पाकळीच्या टोकाशी एक काळा ठिपका, परागकोश बहुधा काळे. एवढा सगळा संसार मिलिमीटरभर जागेत!

‘आता संदलं मोजा,’ सर म्हणाले. ‘दोन की तीन?’

मोजायची म्हणजे सुईच्या टोकानं फूल उकलायचं. पठारावरचा वारा ऐन मोक्याला येतो. शिंक आली तर नमुना थेट जावळीच्या खोऱ्यात. शिवाय तिसरं संदल लहरी. कुठल्या जातीत ते धडधाकट असतं, कुठल्या जातीत नुसतं दोऱ्याएवढं उरलेलं असतं, कुठल्या जातीत नसतंच. म्हणजे दोनच दिसली, तर तिसरं मुळात नाही की आमच्या डोळ्यांना नाही, यावर अर्धा तास वाद. तेवढ्यात ढग उतरतो आणि भिंगावर पाणी साचतं.

त्यातल्या त्यात ट्यूबेरिफेरम हा गेंद दयाळू. त्याला मुळाशी कंद असतो, बाकीच्या वर्षायू भावंडांपेक्षा निराळा. पण कंद बघायचा तर झाड उपटायला हवं आणि पठारावर काही उपटायला मनाई! ओळखपत्र खिशात आहे, पण खिशात हात घालायचा नाही, असा मामला.

शेजारून जाणाऱ्या स्थानिक मावशींना मी विचारलं, ‘मावशी, याला काय म्हणता?’

‘गेंद.’

‘आणि त्या पलीकडच्या बारक्याला?’

‘त्यो बी गेंदच की.’

मला त्यांचा फार हेवा वाटला. सरांनी मात्र मान डोलावली. ‘बरोबर आहे त्यांचं. पुढचं आपलं काम.’

पुढचं काम म्हणजे बी. गेंदाची खरी ओळख त्याच्या अर्धा मिलिमीटरच्या बियांवर कोरलेली असते. बीच्या सालीवरची नक्षी जातीजातीत वेगळी, आणि ती नीट बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. मुख्य म्हणजे बी धरतं फूल सरल्यावर. एका पावसाचं आयुष्य असलेलं हे रोप सगळा उन्हाळा तापलेल्या कातळावर बीच्याच रूपात काढतं, तेव्हा आपला ऐवज त्यानं तिथंच जपून ठेवावा हे रास्तच. गैरसोय फक्त आमची. फुलं बघायला सगळं गाव लोटतं, तेव्हा नाव सांगता येत नाही. नाव सांगता येतं, तेव्हा विचारायला कुणी नसतं.

म्हणून सर आम्हाला मोसम संपल्यावर पुन्हा घेऊन गेले. पठार पिवळंकरडं पडलेलं, कणीसवाले गेलेले. वाटेवर प्रवेशाच्या पावत्या फाडायला बसलेल्या दादांनी गाडी थांबवली.

‘फुलं संपली की. आता काय बघणार?’

‘बी,’ सर म्हणाले.

दादांनी एकदा सरांकडं बघितलं, एकदा आमच्या गळ्यातल्या भिंगांकडं, आणि पावतीपुस्तक मिटलं. ‘जावा. वाळल्यालं बघायला पैसं न्हाईत.’