डांबर की सिमेंट?

डांबराचे भक्त सांगतात, वळणावर टायर कसा धरून राहतो, शिवाय सिमेंटच्या सांध्यांवरची ती धडधड नाही. सिमेंटवाले म्हणतात, पहिल्याच पावसात निदान खडी तरी वर येत नाही! पेव्हर ब्लॉकची बाजू मात्र कोणीच घेत नाही. ओल्या ब्लॉकवर करकचून पुढचा ब्रेक दाबलेला गडी बोलण्याच्या अवस्थेत नसतो. मुंबई-गोवा महामार्गाने हा वाद कधीच निकालात काढलाय. चौपदरीकरण २०११ पासून चालू, त्यामुळे डांबर, सिमेंट, खडी, चिखल, सगळं एकाच फेरीत, वर ‘काम चालू, रस्ता बंद’चा फलक. आपली पसंती कळवायचीच असेल, तर गणपतीच्या आधी कळवा. मंत्र्यांचे पाहणी दौरे तेव्हाच असतात.