काकाजींचा कूलर

उन्हाळा संपला हे हवामान खात्यानं सांगून यवतमाळात भागत नाही. काकाजींनी कूलरचं बूच काढावं लागतं. असे काकाजी गल्लीगणिक सापडतात. वणी, पुसद, दारव्ह्यालाही आहेत. वय साठीपलीकडं, पेन्शन शाळेची नाहीतर पाटबंधारे खात्याची, आणि घराला लोखंडी पत्र्याचा एवढा दांडगा कूलर, की खिडकीला कूलर लावलाय की कूलरला खिडकी, असा प्रश्न पडावा.

होळीपासून चालतो तो कूलर घरच्यांचा. आवरायचा मात्र एकट्या काकाजींचा. नवतपा सरतो, मृगाची एखादी सर येते, हवेत ओल भरते आणि कूलर गारव्याऐवजी नुसता चिकचिकाट फेकू लागतो. हवा कोरडी असेल तरच पाण्याची वाफ झपाट्यानं होते आणि उष्णता खेचली जाते, हे शास्त्र काकाजी दरसाल नव्या उत्साहानं सांगतात. तरी "आवरून टाकू" म्हणणाऱ्याला तेच अडवतात. "थांब ना बे, मृगाचा काय भरवसा?"

अखेर एका रविवारी ते बनियनवर उतरतात. आधी प्लग. मग पंप. त्याची जाळी दात घासायच्या जुन्या ब्रशनं साफ होते, पंप उन्हात वाळतो आणि वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात, थेट काकूंच्या पैठणीशेजारी जातो. फ्लोट, पाइप, स्क्रू यांचे वेगवेगळे डबे. टाकीला आतून घासून डांबराचा हात. क्षारांनी पांढऱ्याफटक पडलेल्या ताट्या "पुढच्या वर्षी चालतात" म्हणून माळ्यावर. त्या काकू घंटागाडीत घालतात, याचा शोध मार्चमध्ये लागतो.

टाकीतलं पाणी मोरीत सोडायची मात्र कुणाची टाप नाही. 2018 साली निळोणा आणि चापडोह ही शहराला पाणी पाजणारी धरणं आटली, नळ आठवडेच्या आठवडे कोरडे राहिले, माणसं रात्र रात्र टँकरची वाट बघत बसली. पुढं बेंबळा धरणाचं पाणी आलं; पण काकाजींचा हिशेब 2018 लाच थांबला. बुचाखाली बादली लागते. ते खारट पाणी संडासाला, उरलं तर अंगणात सडा.

काकाजींचा मुलगा अमेरिकेत, मिनेसोटात. त्याच्याकडं चाकावरचं घर आहे: गाडीतच ओटा, न्हाणी, गिझर. हिवाळ्याआधी त्यानं व्हिडिओ कॉलवर बापाला सगळं साग्रसंगीत दाखवलं. पाणी गोठलं की नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं आणि पाइप फोडतं. म्हणून टाकी, गिझर रिकामे करायचे, हवेच्या दाबानं नळ्या कोरड्या करायच्या, नाहीतर पंपानं त्यांत न गोठणारं गुलाबी द्रव फिरवायचं. काकाजींनी कौतुकानं मान डोलावली. पोरगं आपल्यावर गेलं होतं.

"आन् काहाडलेलं पानी कुठी टाकलं?"

"गवतात सोडलं, बाबा."

काकाजींनी फोन काकूंच्या हातात दिला.

त्यांचं सगळंच ऐकावं असं नाही. बूच ते इतकं जपून ठेवतात की दर मार्चला नवं आणावं लागतं. पण टाकी घासण्याबाबत त्यांचं ऐकाच. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून कोरडी असतानाही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी भरताच फुटतात. तेव्हा कूलर नुसता रिकामा करू नका. ब्रश घेऊन आतून खसाखसा घासा, वाळवा आणि मगच झाका.