उदगीरचं भूत, तीन व्होल्टचं

(टेबलावर चादरीखाली काहीतरी झाकलेलं. पन्नाशीतला मंडपाचा इलेक्ट्रिशियन येतो. खांद्यावर वायरचं भेंडोळं, खिशात टेस्टर.)

बसा मंडळी, खुर्चीत करंट नाही. आम्ही लातूरचे. गणपतीत देखाव्यांची लायटिंग करतो. गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतेत. सोळाही रस्त्यांवर आमचा बल्ब कधी ना कधी गेलेला हाय.

भाचा पुण्याला आयटीत. दिवाळीला आला अन् म्हणला, "मामा, भुताटकीचा किल्ला करून द्या."

म्हणलं, "किल्ला? तुझ्यासाठी पोरगी बघायलोत आम्ही!"

"पोरखेळ नाही मामा, वॉरगेम हाय." अन् खिशातून शिपाई काढले. २८ मिलिमीटरचे! फासे टाकायचे, टेपनं मोजून शिपाई सरकवायचा, भिंतीआड असला की वाचला. म्हणे, एच. जी. वेल्स नावाच्या मोठ्या इंग्रज लेखकानं १९१३ ला ह्याच्यावर पुस्तक लिहिलंय. पंचेचाळिशी ओलांडलेला गडी, फरशीवर बसून शिपाई मांडायचा! लातूरला असता तर घरच्यांनी देवऋषी बोलावला असता.

म्हणलं, किल्ला करायचा तर आपल्या जिल्ह्यातला. उदगीर! १७६० ला सदाशिवराव भाऊंनी उदगिरीच निजामाला नमवलं. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता संगं.

भाचा खूश. "मग निजामाच्या शिपायांची भुतं करू!"

(कपाळाला हात लावतो.) मोठ्या मुश्किलीनं १९४८ ला घालवलं रे त्याला! तू परत बोलवायलास?

(चादर अर्धी वर करतो.) टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल घेतलं. सजावटीच्या थर्माकोलला २०१८ पासून बंदी हाय, पण हे घरात पडून होतं. मी बुरुज कापला. भाच्यानं त्याच्यावर डब्यातला स्प्रे मारला. त्यातलं रसायन थर्माकोल खातंय! भाऊंना निजाम नमवायला तोफा लागल्या. ह्यानं बुरुज एका फवाऱ्यात पाडला.

मग पुठ्ठा, फेविकॉल, वरून वाळू. सगळ्याला काळा रंग. वाळला की ब्रश जवळजवळ कोरडा करायचा, राखाडी रंग नुसता कडांवरून फिरवायचा. दगड आपोआप वर येतेत.

आता लायटिंग. आमच्या हाताखालच्या पोऱ्यानं सवयीनं चार रंगांच्या माळा सोडल्या अन् वरून हॅलोजन मारला. शेजारच्या काकू नारळ घेऊन आल्या! "भाऊजी, आरती किती वाजता?"

(पोऱ्याला दरडावत) काढ ते सगळं! भूत काय वरातीला आलंय?

बाजारात प्लॅस्टिकची पणती मिळती बघा, लुकलुकणारी. ती फोडली. आत एक एलईडी, खाली तीन व्होल्टचा बटण सेल. ती बुरुजाच्या खिडकीमागं बसवली, समोर बटर पेपरचा तुकडा, म्हणजे बल्ब दिसत नाही, नुसता उजेड हालतो. दुसरी एलईडी हिरवी, खंदकात, खालून वर. माणसाला वरच्या उजेडाची सवय. उजेड खालून आला की सावली उलटी चढती अन् ओळखीचं तोंडसुद्धा ओळखू येत नाही. त्या खंदकात कापूस विरळ करून पसरला. झालं धुकं!

भाचा बघतो अन् म्हणतो, "मामा, भीती नाही वाटायली."

तेवढ्यात गल्लीची लाईट गेली.

(रंगमंच अंधारतो. फक्त किल्ला हिरवा उजळतो. भाच्याच्या आवाजात) "आई गंऽऽ!"

(स्वतःच्या आवाजात) पुण्याचा इंजिनिअर पलंगाखाली! अन् शिपाई बिचारे जाग्यावर उभे.

(उजेड येतो.) तवा मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, यंदा भुताचा देखावा करणार असाल तर शंभर बल्बांची ऑर्डर देऊ नका. दोनच सांगा, तेही लपवून. माझं बिल कमी होईल, होऊ द्या. भीतीचं काम अंधार करतो, अन् फुकट करतो.

ॲडव्हान्स तेवढा उजेडात द्या. नोटा मोजाव्या लागतेत!