शॉवरमधला जावई

आमच्या सोसायटीत शॉवर चालू केला की पाणी येईलच याची खात्री नसते. बंद केला की मात्र नक्की येतं. टप, टप, टप. पनवेलजवळच्या विचुंब्यातली बिल्डिंग नवी, बाथरूम नवं, भिंतीत गाडलेला चकचकीत डायव्हर्टर नवा, आणि वास्तुशांतीचं तोरण वाळतंय न वाळतंय तोच मजल्यामजल्यावर गळती सुरू. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणतात, त्या ठेक्यावर झोप छान लागते. त्यांच्या यजमानांना त्याच ठेक्यावर मेंटेनन्सचं बिल आठवतं.

पहिला संशय अर्थातच बिल्डरवर. मग नळाच्या कंपनीवर, मग प्लंबरवर आणि शेवटी तळमजल्यावरच्या भाडेकरूवर, कारण सोसायटीत कुठल्याही चौकशीचा शेवट भाडेकरूपाशीच होतो. खरा आरोपी मात्र भिंतीत बसलेला असतो. त्याचं नाव कार्ट्रिज.

जुन्या नळात हे प्रकरण नव्हतं. पितळेची चावी, खाली स्पिंडल, त्याच्या टोकाला रबरी वायसर. चावी आवळली की वायसर बैठकीवर दाबून बसायचा आणि पाणी थांबायचं. गळायला लागलं की आणखी आवळायचं. तरीही गळलं तर एरवी घरात कशाच्याच उपयोगी न पडणारा पुरुष रविवारी पान्हा घेऊन बसायचा, जुन्या स्लिपरच्या रबराचा गोल कापून आत घालायचा आणि पुढचा आठवडाभर बायकोकडून दोनदा चहा उकळायचा. त्या वायसरची किंमत विचारायचीही कुणाला लाज वाटायची.

मग एका दांड्याचे नळ आले. अमेरिकेत 1937 साली अॅल मोएन नावाच्या विद्यार्थ्याचे हात दोन चाव्यांच्या नळाखाली गरम पाण्याने पोळले. गरम आणि गार एकाच दांड्याने मिसळता आलं पाहिजे, हे त्याच्या मनाने घेतलं आणि 1947 साली तसा नळ विक्रीलाही आला. हात त्याचा भाजला, चटके आमच्या खिशाला बसताहेत.

आताच्या कार्ट्रिजमध्ये रबराऐवजी सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात. एक जागची हलत नाही, दुसरी तिच्यावर सरकते. भोकं जुळली की पाणी, सरकली की बंद. चकत्या इतक्या सपाट घासलेल्या असतात की मधून पाण्याला वाट सापडू नये. त्या असतात अॅल्युमिनाच्या, आणि काठिण्याच्या मोह्ज मापावर अॅल्युमिना 9. वर फक्त 10 चा हिरा. वाळूतला क्वार्ट्झ 7. म्हणजे वाळूची काय बिशाद! पण वाळू भांडायलाच जात नाही. ती मध्ये जाऊन बसते, बस्स. चकती केसभर उचलली जाते आणि पाण्याला तेवढं पुरतं. शिवाय हिऱ्याच्या खालोखाल मान असलेल्या या चकत्यांचा सगळा संसार खालच्या रबरी कड्यांवर आणि प्लास्टिकच्या कवचावर उभा असतो. त्यांना काठिण्याचा असला काही मान नाही. कण तिथे शिरला की ओ-रिंग चिरतो.

थोडक्यात, कार्ट्रिज हा जावई आहे. पाणी गाळलेलं हवं, गरम हवं पण फार नको, दाब बेताचा हवा आणि कुणी जोराने बोललेलं खपत नाही. एवढी बडदास्त ठेवली तर वर्षानुवर्षं हसतमुख. आता त्याला विचुंब्यात आणून ठेवा.

इथे एक बिल्डिंग पुरी होते तेव्हा शेजारी दोन उभ्या राहत असतात. नवी मुंबईचा विमानतळ झाल्यापासून तर विचारू नका. पाइपात प्लास्टरची रेती, कापलेल्या पाइपाचा चुरा, टेफ्लॉनच्या दोऱ्या असं सगळं साठलेलं असतं. कार्ट्रिज बसवण्याआधी लाइन मोकळी सोडून पाणी वाहू द्यायचं असतं, म्हणजे हा कचरा निघून जातो. पण ताब्याच्या आदल्या संध्याकाळी लिफ्टला आरसा लावायचा की पाणी वाहू द्यायचं, असा प्रश्न येतो तेव्हा आरसा जिंकतो. मग पहिल्याच आंघोळीला तो सगळा माल थेट जावयाच्या ताटात.

पाण्याचं तर काय सांगावं. माथेरानच्या डोंगरातून निघालेली गाढी आमच्या जवळूनच वाहते आणि पावसाळ्यात असा आव आणते की आता जन्मभर पाण्याची ददात नाही. उन्हाळ्यात टँकरवाल्याचा नंबर बायकोच्या नंबरच्या वर जातो. टँकरच्या तळाशी काय असतं, हे आमच्या टाकीच्या तळाशी पाहावं. उरलेलं पाणी बोअरचं. ते बेसॉल्टच्या भेगांतून येताना कॅल्शियम-मॅग्नेशियम बरोबर घेऊन येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चालतो. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत सवलत आहे. आमच्या चेअरमनना यातला सवलतीचा भाग तेवढा पाठ आहे.

हे पाणी गिझरमध्ये तापलं की त्यातला चुना बाहेर पडतो. बादलीच्या कडेला पांढरं कडं धरतं ते हेच. म्हणून गरम पाण्याची बाजू आधी बिघडते. चुना चकत्यांच्या कडांवर बसतो, दांडा जड होतो आणि मग माणसं त्याला दोन्ही हातांनी भिडतात. आतली प्लास्टिकची मान मोडते. न वापरणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. आमच्याकडे निम्मी घरं बादली-तांब्यावाली. शॉवर पाहुण्यांसाठी राखीव. महिनोन्‌महिने न हललेल्या दांड्याखाली चुना निवांत जमतो आणि पुण्याचे साडू आले की पहिल्याच झटक्याला कडकन आवाज येतो. साडू बाहेर येऊन काही बोलत नाहीत.

दाबाची गोष्ट वेगळीच. गच्चीवरच्या टाकीखाली दर दहा मीटरला साधारण एक बार दाब वाढतो. त्यामुळे वरच्या मजल्याला धार नाही म्हणून त्यांनी पंप बसवून घेतला आणि आता दांडा खाटकन पाडला की भिंतीतला पाइप दणका देतो. तो दणका ओ-रिंगच सोसते.

आमचा प्लंबर ओडिशातल्या केंद्रापाड्याचा. देशभर प्लंबर पुरवणारा हा जिल्हा. तिथे पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच आहे. त्याने लाद्या न फोडता भिंतीतून कार्ट्रिज बाहेर काढलं, उजेडात धरलं आणि निदान सांगितलं, "काका, माल अच्छा है, पानी खराब है." मग व्हिनेगरमध्ये ते भिजत ठेवलं. चेअरमन मदतीला पेट्रोलियम जेलीची डबी घेऊन धावले, तर त्याने ती हळूच बाजूला सारली. या कड्यांचं रबर बहुधा ईपीडीएम जातीचं असतं. पेट्रोलियमच्या स्निग्ध पदार्थांनी ते फुगतं. सिलिकॉन ग्रीसच लागतं. तेही नाही चाललं तर नवं कार्ट्रिज. आणि इथे खरी परीक्षा सुरू होते, कारण 35 मिलिमीटरचं हवं की 40 चं, खालच्या खुंट्या कुठे, भोकं कशी, हे सगळं जुळावं लागतं. पनवेलच्या दुकानदाराने नमुना हातात घेऊन, उपवर मुलीच्या बापाला सांगावं तसं सांगितलं, "हे मॉडेल आता येत नाही."

सर्वसाधारण सभेत ठराव आला : टाकीच्या तोंडाशी गाळणी बसवावी, वर्षातून दोनदा टाकी धुवावी. गाळणीला कुणाचा विरोध नव्हता, वर्गणीला होता. सेक्रेटरींनी फळ्यावर हिशेब मांडला. सेकंदाला एक थेंब, थेंब पाव मिलिलिटरचा, म्हणजे एका शॉवरमागे दिवसाला साडेएकवीस लिटर. सभागृह क्षणभर हादरलं. मग चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "म्हणजे रात्रभरात सात-एक लिटर ना?"

"हो."

"बरोबर आहे. आमची बादली सकाळी अर्धी भरलेली असते. टँकर उशिरा आला तरी ह्यांची आंघोळ होते." आणि त्या प्लंबरकडे वळल्या. "भैया, आमचं मे महिन्यानंतर बघ."

प्लंबरने वहीत नोंद केली. त्यांच्या मागोमाग आणखी तीन घरांनी नाव मागे घेतलं.