दोन पैलू

मेसच्या मावशींनी विचारलं होतं एवढंच, "बापू, आमटी खारट झालीय का रे?" बापूनं घास गिळला, पाठ ताठ केली, दोन्ही हात मांडीवर ठेवले, मंद हसला आणि म्हणाला, "मावशी, याला दोन पैलू आहेत." दुसरा पैलू ऐकायला मावशी थांबल्या नाहीत. आमटीचा डाव घेऊन त्या पुढच्या ताटाकडे गेल्या.

सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत कॉट बेसिसवर राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. प्रत्येक खोलीत एक बापू असतो. पूर्व परीक्षेचा कट-ऑफ दरवेळी त्याला दोन-तीन मार्कांनी हुलकावणी देतो, पण मुलाखतीची तयारी मात्र पक्की असते. आमच्या बापूची त्यासाठी दोनशेपानी वही होती. 'स्वतःबद्दल सांगा' हे उत्तर बरोबर दीड मिनिटाचं, मोबाइलवर वेळ लावून पाठ केलेलं. 'तुमची कमजोरी?' याला 'सर, मी कामात फार बुडून जातो.' (दुपारी एक ते चार बापू ज्यात बुडालेला असायचा त्याला आमच्याकडे काम म्हणत नाहीत.) छंदाच्या पानावर खाडाखोड होती. वाचन लिहावं तर शेवटचं पुस्तक कुठलं वाचलं विचारतील, म्हणून शेवटी त्यानं 'चालणे' लिहिलं. त्यावर काय विचारणार? आम्ही तिघं बनियनवर पॅनेल होऊन बसलो आणि विचारलं, "तुमच्या चालण्याचा प्रशासनाला काय उपयोग?"

"सर, याला दोन पैलू आहेत."

जिल्ह्याचं प्रकरण तर विचारूच नका. बापू उस्मानाबादचा. तुळजाभवानी, तेरचे गोरोबाकाका, नळदुर्गचा किल्ला, उस्मानाबादी शेळी अशी सहा पानं तयार होती. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. बिचाऱ्यानं सहाही पानं नव्यानं लिहायला घेतली आणि शेळीपाशी अडला. शेळी अजून उस्मानाबादीच होती. "जिल्हा बदलला, मग शेळी का नाही, असं विचारलं तर?" दोन रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या रात्री साडेबाराला मला गदागदा हलवून म्हणाला, "सुटलं गड्या. शेळीलाही दोन पैलू आहेत. एक जैविक, एक प्रशासकीय."

मग २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि मुलाखतीचे गुण १०० वरून २७५ वर गेले. सगळ्या अभ्यासिकेचे चेहरे पडले. खूश होता एकटा बापू. पूर्व अजून निघायची होती, हा किरकोळ तपशील.

दर रविवारी गावाहून त्याच्या वडिलांचा फोन यायचा. तेव्हा तो उठून जिन्यात जायचा. तिथून पैलू ऐकू यायचे नाहीत.

मी मात्र थकलो आणि एका कंपनीत अर्ज टाकला. पळपुटा म्हणेल असं वाटलं होतं. त्यानं आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत माझी मुलाखत घेतली, सकाळी माझा शर्ट इस्त्री केला आणि स्वतःचे काळे बूट दिले. ते एक नंबर मोठे होते, म्हणून पुढे चालू घडामोडींच्या मासिकाची पानं कोंबली. इतकं त्रासदायक माणूस इतकं चांगलं असू नये, पंचाईत होते.

नोकरी लागली. सामान बांधत होतो तेव्हा बापू कॉटवर बसून होता. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

"गॅप विचारली का रे त्यांनी?"

"विचारली. चार वर्षं काय केलंत म्हणाले."

"मग?"

"अभ्यास केला, नाही जमलं, असं सांगितलं."

बापूनं वही उघडली. नवीन पान काढून 'गॅप' असं लिहिलं, त्याखाली आकडा एक घालून माझं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. मग खाली आकडा दोन घातला आणि पेन हातात धरून बराच वेळ तसाच बसून राहिला.