सूर्य स्वस्त, तार महाग

मध्य प्रदेशात वीज सिंगरौलीला तयार होते, खंडव्याला होते, रीव्याला होते. विजेचा दर मात्र एकाच ठिकाणी तयार होतो. भोपाळच्या बिट्टन मार्केटमध्ये मेट्रो प्लाझा नावाची इमारत आहे. तिच्या पाचव्या मजल्यावर राज्याचा विद्युत नियामक आयोग बसतो. महाराष्ट्राचा आयोग कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटरात बसतो, भोपाळचा भाजीच्या हाटाशेजारी. पत्ते निराळे असले, तरी ग्राहकाचा खिसा दोन्हीकडे सारखाच हलका होतो.

भाव ठरवण्याच्या दोन पद्धती या बाजारात शेजारी शेजारी नांदतात. हाटात गिलकीचा भाव अर्ध्या मिनिटात ठरतो आणि वर मूठभर कोथिंबीर फुकट मिळते. आयोगापुढे वीज कंपन्या याचिका दाखल करतात, जाहीर सूचना निघते, हरकती येतात, सुनावणी होते आणि 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 64 नुसार 120 दिवसांत आदेश निघणे अपेक्षित असते. कोथिंबिरीची तरतूद कायद्यात नाही. आणखी एक फरक आहे. दिवस मावळला की भाजीवाला उरलेला पालक निम्म्या भावात काढतो. वीज मात्र दिवस मावळला की महागते, कारण जिच्यामुळे ती स्वस्त होती ती वस्तूच मावळलेली असते.

सूर्याची स्वस्ताई कागदोपत्री सिद्ध आहे. रीवा जिल्ह्यातील गुढ येथील 750 मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी फेब्रुवारी 2017 मध्ये लिलाव झाला. तो 33 तास चालला आणि पहिल्या वर्षाचा दर युनिटला 2 रुपये 97 पैशांवर आला. त्याआधीचा देशातील नीचांक 4 रुपये 34 पैसे होता. 2021 मध्ये नीमचच्या प्रकल्पाचा दर 2 रुपये 15 पैशांच्या आसपास उतरला. घरगुती बिलातील सर्वांत खालच्या टप्प्याचे युनिटही चार रुपयांच्या वर आहे. प्रकल्पाच्या फाटकाशी असलेला दर आणि घरच्या बटनाशी असलेला दर यांच्यामधल्या अंतराला व्यवस्था म्हणतात.

या व्यवस्थेचा पहिला घटक तार. रीव्याच्या विजेचा सुमारे पाव हिस्सा तारेवरून दिल्ली मेट्रोला जातो, म्हणजे विंध्याच्या उन्हावर राजीव चौकातली गर्दी धावते. हे शक्य झाले, कारण तेथे प्रकल्पाच्या जोडीने उपकेंद्र आणि वाहिनीचाही विचार झाला होता. एरवी रीत वरातीमागून घोड्यांची आहे. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो. अतिउच्च दाबाच्या वाहिनीला मार्ग, जंगलखात्याची परवानगी, मनोऱ्यांच्या जागा आणि शेतकऱ्यांची संमती लागते. उद्घाटनाची फीत मात्र पॅनेलसमोरच बांधतात. मनोऱ्यासमोर फीत बांधायची, तर पाहुण्यांना नांगरटीतून चालत जावे लागेल.

यावर उपाय म्हणून 2015 मध्ये आठ राज्यांसाठी हरित ऊर्जा कॉरिडॉर मंजूर झाला. खर्च दहा हजार कोटींच्या वर, वाहिन्यांचे उद्दिष्ट 9,700 सर्किट किलोमीटर. पैशाची वाटणी अशी: 40 टक्के केंद्राचे अनुदान, 40 टक्के जर्मन विकास बँकेचे कर्ज आणि 20 टक्के राज्याचे भांडवल. मुदत 2020 ची होती. ती अनेकदा वाढली, कारण मुदत वाढवायला मनोरे लागत नाहीत. मध्य प्रदेशाने आपल्या वाट्याचे काम पुरे केले. 2022 मध्ये दुसऱ्या टप्प्यासाठी सात राज्ये निवडली गेली, त्यांत मध्य प्रदेश नाही आणि महाराष्ट्रही नाही.

दुसरा घटक सवलत. 30 जून 2025 पर्यंत सुरू झालेल्या सौर आणि पवन प्रकल्पांना आंतरराज्य वाहिनीचे भाडे माफ होते. राज्याच्या आतल्या वाहिनीला ही माफी नव्हती. त्यामुळे जैसलमेरच्या उन्हाने राज्याची वेस फुकटात गाठली आणि शेजारच्या आगर-माळव्याच्या उन्हाला घराबाहेर पडताच तिकीट लागले. माफ केलेले भाडे हवेतही विरत नाही. तारांचा खर्च तेवढाच राहतो आणि त्या तारा वापरणाऱ्या बाकीच्यांत वाटला जातो. माफी दिल्लीत जाहीर होते, वर्गणी गल्लीत गोळा होते.

तिसरा घटक कोळसा, ज्याला निरोप देण्याचे सर्वानुमते ठरले आहे. तारीख तेवढी ठरायची आहे. सिंगरौलीचे विंध्याचल केंद्र 4,760 मेगावॅटचे, देशातले सर्वांत मोठे. औष्णिक वीज खरेदीच्या करारांत दराचे दोन भाग असतात. इंधनाचा खर्च वीज घेतली तरच द्यायचा, स्थिर आकार मात्र केंद्र तयार असले की, वीज घेवो न घेवो, द्यायचाच. दुपारी सौर वीज मुबलक असली म्हणजे कोळशाचे संच मंदावतात आणि ग्राहक त्यांच्या विश्रांतीचे पैसे भरतो. सूर्य मावळताच त्याच संचांची मनधरणी सुरू होते. दुपारची वीज रात्रीसाठी राखणाऱ्या बॅटऱ्या आता मुरैन्यासारख्या प्रकल्पांत येऊ घातल्या आहेत. तोवर संध्याकाळ कोळशाचीच.

चौथा घटक ग्राहकाचे वळण. केंद्राच्या 2023 च्या नियमांनुसार सौर तासांतील दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी आणि मागणीच्या ऐन तासांतील दर जास्त ठेवायचा आहे. भोपाळमध्ये स्मार्ट मीटर असलेल्यांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत सवलत मिळते. या वेळेत नोकरदाराच्या दाराला कुलूप असते, त्यामुळे सवलतीचा पहिला लाभार्थी फ्रीज. संध्याकाळी माणसे घरी येतात, पंखा, टीव्ही आणि गिरणीएवढा आवाज करणारा मिक्सर एकदम सुरू होतात आणि स्वस्त तास संपलेले असतात. कपडे दुपारी धुवावेत, ही सूचना उत्तम आहे. दुपारी घरी असलेल्या आजींनी ती यंत्राला सांगायची आहे.

पाचवा घटक ज्याच्या शेतात मनोरा उभा राहतो तो शेतकरी. जून 2024 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीला मूल्याच्या 200 टक्के आणि तारांखालील पट्ट्याला 30 टक्के भरपाई सुचवली आहे. पूर्वी हेच आकडे 85 आणि 15 होते. मालकी शेतकऱ्याचीच राहते. घर बांधता येत नाही, उंच झाड लावता येत नाही, एवढेच. स्वच्छ ऊर्जेसाठी कोणी काय सोडले याची यादी निघाली, तर सर्वांत तळाशी भाषणे करणारे सापडतील.

हे पाचही घटक शेवटी एकाच कागदावर भेटतात, तो म्हणजे दरवाढीची याचिका. तिची जाहीर सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते आणि बहुतेक घरांत डब्याखाली अंथरली जाते. सुनावणीला कंपन्यांचे वकील आणि उद्योगांचे प्रतिनिधी न चुकता हजर असतात. ज्याच्या बिलात हे सारे बसवायचे, तो त्या वेळी हाटात पालक निवडत असतो. कायद्याने त्यालाही बोलण्याचा हक्क दिला आहे. बिल हाती आल्यावरचा संताप कोणताही आयोग नोंदवून घेत नाही. मुदतीत पोहोचलेली लेखी हरकत मात्र आदेश काढण्यापूर्वी त्याला विचारात घ्यावीच लागते.