उपग्रहाने केलेली तपासणी

अमेरिकेतल्या हायस्कुलांची सर्वांत कडक तपासणी कुठल्याही शिक्षणाधिकाऱ्याने नव्हे, तर सोव्हिएत स्पुटनिकने केली. तीही ४ ऑक्टोबर १९५७ पासून, वरच्या वर, वर्गात पाऊलही न टाकता. तोवर सारं सुरळीत होतं. मुली गृहविज्ञानाच्या तासाला केक भाजत, मुलगे वर्कशॉपमध्ये लाकडावर रंधा मारत. आकाशातून बीप-बीप ऐकू आलं आणि १९५८ साली राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. विज्ञान-गणिताच्या विभागांकडे उपकरणांसाठी पैसा वळला; आधुनिक परभाषांना हेडफोनवाल्या प्रयोगशाळा मिळाल्या. लॅटिनला मात्र वगळलं. सीझरकडे क्षेपणास्त्रं कुठे होती? इंग्रजी आणि इतिहासाच्या मास्तरांना त्या यादीत शिरायला १९६४ उजाडलं. शेक्सपिअरही देशाच्या संरक्षणाला उपयोगी पडतो, हे अमेरिकी काँग्रेसला पटायला एवढा वेळ लागणारच. या धांदलीत फुटबॉलचा कोच तेवढा निर्धास्त होता. त्याला रशियाला नव्हे, शेजारच्या गावाला हरवायचं होतं. आणि तेवढ्या संरक्षणासाठी गावकऱ्यांना कायद्याची वाट पाहावी लागत नव्हती.